आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आलाय? थांबा, आधी तारखा सांगा

प्रश्न: डॉक्टर, मी 34 वर्षांची आहे, बालवाडीत शिकवते. महिन्याभरापूर्वी माझ्या पाच वर्षांच्या मुलाला बारीक ताप आला आणि दोन्ही गाल लालभडक झाले, कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखे. तो चार दिवसांत खेळायला लागला. मग मला दोन दिवस कणकण वाटली, अंग दुखलं, तेही गेलं. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एका सकाळी उठले तर दोन्ही हातांची बोटं वळेनात. मनगटं, गुडघे, घोटे सगळंच सुजलंय. याला आता तीन आठवडे होत आले. सकाळी तास-दीड तास बाटलीचं झाकण उघडत नाही, मुलाच्या शर्टाची बटणं लावता येत नाहीत. फुल बॉडी चेकअपचं पॅकेज केलं, त्यात आरए फॅक्टर 32 आला (लॅबची मर्यादा 20), ईएसआर थोडा वाढलेला, युरिक ॲसिड अगदी काठावर. एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून आमवात आहे, आयुष्यभर गोळ्या लागतील असं सांगितलं आणि स्टेरॉइड लिहून दिली. मी ती अजून सुरू केली नाहीये, घाबरले आहे. घरच्यांना हात बघून काहीच दिसत नाही, म्हणून टेन्शनमुळे होतंय म्हणतात. खरंच आयुष्यभराचं आहे का हे? आणि घरात जाऊबाई गरोदर आहेत, चौथा महिना संपत आलाय, त्यांना माझ्यापासून काही होईल का?

— एक बालवाडी शिक्षिका

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट आरए फॅक्टर नाहीये, मुलाचे गाल आहेत. आणि दुसरी कामाची गोष्ट म्हणजे तुम्ही न विचारता क्रम सांगितलात, आधी मुलगा, मग तुमची कणकण, मग मध्ये काही बरे दिवस आणि मग सांधे. माझ्याकडे येणारे दहातले आठ जण फाइल पुढे सरकवतात आणि गप्प बसतात, आणि मला मात्र फाइलच्या आधी तारखा हव्या असतात, कारण व्हायरसमुळे सांधे सुजलेत का हे ओळखायचं असेल तर कशाच्या आधी काय झालं यावरून जेवढं कळतं तेवढं त्या पॅकेजच्या चाळीस ओळींवरून कळत नाही.

लहान मुलाचे गाल थोबाडीत मारल्यासारखे लाल होतात तो आजार पार्व्होव्हायरस बी 19 नावाच्या व्हायरसचा. (नावावरून घाबरू नका, कुत्र्यांना होतो तो पार्व्हो वेगळा, तो माणसाला होत नाही.) हा व्हायरस 1975 साली लंडनमध्ये दुसऱ्याच कामासाठी, हेपॅटायटिस बी च्या चाचण्यांसाठी, रक्त तपासताना योगायोगाने सापडला, आणि मोठ्या माणसांचे सांधे तो सुजवतो हे कळायला 1985 उजाडलं. मुलांमध्ये गाल लाल, हातापायांवर जाळीसारखं पुरळ, एवढ्यावर भागतं. मोठ्यांमध्ये पुरळ बऱ्याचदा येतच नाही, थोडी कणकण येते आणि मग सांधे धरतात. यातही बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त त्रास होतो, ज्या मोठ्या बायकांना याची लागण होते त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना सांध्यांचा काही ना काही त्रास होतोच. आणि लागण कोणाला होणार, तर जी दिवसभर लहान मुलांच्या शिंका-खोकल्यात असते तिला. म्हणजे बालवाडीच्या बाई आणि छोट्या मुलांच्या आया, आणि तुम्ही तर दोन्ही आहात.

आता क्रम बघा कसा जुळतो. व्हायरस शिरल्यावर साधारण आठवड्याभराने तो रक्तात भरपूर असतो, तेव्हा कणकण येते, आणि माणूस दुसऱ्याला लागण देतो तोही याच काळात. मग शरीर अँटिबॉडी बनवायला लागतं, रक्तातला व्हायरस एकदम कमी होतो, तुम्हाला वाटतं संपलं. आणि साधारण दोन-अडीच आठवडे झाले की सांधे सुजतात. सुजवतो कोण, तर मुख्यतः आपल्याच अँटिबॉडी, त्या व्हायरसच्या तुकड्यांना चिकटतात आणि त्या जोड्या सांध्याच्या आतल्या अस्तरात जाऊन बसतात, तिथे मग सूज, पाणी, ठणका. पाऊस थांबला तरी पागोळ्या गळत राहतात ना, तसंच. म्हणून ताप गेल्यावर सांधे का दुखायला लागले, ताप अंगात मुरला का, असं सगळे विचारतात, तर मुरलेलं काही नाही, उलट शरीराने लढाई जिंकल्याची ती खूण आहे, फक्त जिंकलेल्याला जास्त दुखतंय.

प्रत्येक व्हायरसचं टायमिंग वेगळं असतं आणि ते माहीत असलं की निम्मं कोडं सुटतं, म्हणून थोडं लांबण लावते. चिकनगुनियात ताप आणि सांधे जवळजवळ एकत्रच येतात, सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी भिंत धरून चालतो, ताप मोठा असतो, आणि मध्ये तुमच्यासारखे बरे दिवस मिळत नाहीत. हेपॅटायटिस बी मध्ये उलटं, सांधे आधी दुखतात, अंगावर पित्त उठतं, आणि मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी डोळे पिवळे होतात, आणि गंमत अशी की कावीळ दिसायला लागली की सांधे बहुतेक वेळा सुधारतात. ज्यांना कावीळ होतच नाही त्यांचं निदान यामुळेच हुकतं. रुबेलात पुरळ आणि सांधे चार-आठ दिवसांच्या अंतराने मागेपुढे येतात, रुबेलाची लस घेतल्यावरसुद्धा काही मोठ्या बायकांचे सांधे थोडे दिवस दुखतात आणि थांबतात. हेपॅटायटिस सी चं तर काही टायमिंगच नसतं, तो वर्षानुवर्षं गुपचूप बसतो आणि कधीतरी सांधे दुखवतो, आणि आरए फॅक्टर बऱ्याचदा पॉझिटिव्ह आणतो, त्यामुळे लोक आमवात समजून औषधं घेत बसतात आणि लिव्हरकडे कोणाचं लक्षच जात नाही. जगात अजूनही आहेत, ऑस्ट्रेलियात रॉस रिव्हर, फिनलंडकडे सिंडबिस, दोन्ही डासांमुळे पसरणारे, त्या भागात राहून आला असाल तरच विचार करायचा. डेंग्यूत हाडं मोडल्यासारखी दुखतात पण खरी सूज क्वचितच असते.

दुखणं आणि सूज यातला फरक घरच्यांना दाखवायचा असेल तर एक सोपी गोष्ट करा, तुमच्या प्रश्नातलं ते वाक्य, हात बघून काही दिसत नाही, ते मला खटकलं म्हणून सांगते. सकाळी उठल्याबरोबर, तोंडबिंड धुवायच्या आधी, मूठ वळा आणि उताणी न करता समोर धरा. शेजारी घरातल्या दुसऱ्या कोणाला मूठ धरायला सांगा. मुठीवर चार उंचवटे येतात, त्यांच्या मध्ये खोलगट जागा असते. सूज असेल तर त्या खोलग्या भरलेल्या दिसतात, मूठ सपाट गुबगुबीत दिसते, आणि कधी कधी पूर्ण वळतच नाही, बोटांची टोकं तळव्याला टेकत नाहीत. मग बोटाच्या मधल्या पेराला दोन्ही बाजूंनी हळूच दाबून बघा. वयानुसार झिजलेला सांधा हाडासारखा कडक लागतो, सुजलेला सांधा मऊ, थोडा स्पंजसारखा लागतो आणि दाबल्यावर तुम्ही हात ओढून घेता. फोटो काढून ठेवा, सकाळचा. दुपारी डॉक्टरकडे जाईपर्यंत निम्मी सूज उतरलेली असते आणि मग डॉक्टरही म्हणतात की काही दिसत नाही, म्हणून सकाळचा फोटो खूप कामाला येतो. टेन्शनने दुखणं वाढतं हे खरंय, पण टेन्शनने मुठीवरच्या खोलग्या भरत नाहीत.

आता आरए फॅक्टर. नावात आरए आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपला आमवात, म्हणून लोकांना वाटतं पॉझिटिव्ह म्हणजे आमवात झालाच. तसं अजिबात नाही. ही एक अँटिबॉडी आहे, आणि शरीराची प्रतिकारशक्ती जोरात कामाला लागली की ती थोडीफार वाढते, पार्व्होमध्ये वाढते, हेपॅटायटिसमध्ये वाढते, टीबीमध्ये वाढते, आणि वय झालेल्या धडधाकट माणसांतही सापडते. मर्यादा 20 असताना 32 म्हणजे किंचित वाढलेला, आणि आजाराच्या तिसऱ्या आठवड्यात केलेला, त्याला मी फार भाव देणार नाही. दोन-तीन महिन्यांनी परत केला तर बऱ्याचदा तो आपोआप खाली आलेला असतो. ईएसआर वाढलाय म्हणजे शरीरात कुठेतरी सूज आहे, ते तर तुमची बोटंच सांगतायत. आणि युरिक ॲसिड काठावर असणं म्हणजे गाऊट नव्हे, गाऊट साधारण असा येतो की रात्री झोपलेला माणूस पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने उठतो, पांघरूण लागलं तरी सहन होत नाही, तुमच्या वयाच्या बाईला दोन्ही हातांची सगळी बोटं सारखी सुजवून तो येत नाही. त्या ओळीवर काट मारा.

या पॅकेजेसबद्दल माझं मत सरळ आहे. काय शोधायचं हे न ठरवता चाळीस टेस्ट केल्या की दोन-तीन लाल अक्षरात येणारच, आणि मग माणूस त्या लाल अक्षरांना आजार समजतो. त्यापेक्षा चार टेस्ट विचारून करा. तुमच्यासाठी मी यादी देते, आणि हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून करा. पहिली पार्व्होव्हायरस बी 19 ची आयजीएम, म्हणजे लागण झाल्यावर आधी बनणारी अँटिबॉडी. आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे लागण अलीकडची, ती साधारण दोन-तीन महिने सापडते म्हणून आत्ताच करायला हवी, चार महिन्यांनी करून फायदा नाही. नुसती आयजीजी, म्हणजे नंतर बनून वर्षानुवर्षं राहणारी अँटिबॉडी, पॉझिटिव्ह आली तर त्यावरून काहीच ठरत नाही, अर्ध्याहून जास्त मोठ्या माणसांच्या रक्तात ती लहानपणीच्या लागणीमुळे असतेच. दुसरी अँटी सीसीपी, ही आमवातासाठी आरए फॅक्टरपेक्षा खूप जास्त भरवशाची, व्हायरसमुळे ती सहसा पॉझिटिव्ह येत नाही. तिसरी हेपॅटायटिस बी आणि सी. ही टेस्ट कोणी करत नाही आणि मला त्याचा राग येतो, कारण समजा पुढे खरंच आमवाताची औषधं द्यायची वेळ आली तरी ही टेस्ट आधी करावीच लागते, मग आत्ताच का नको. चौथी साधी हिमोग्लोबिन आणि सीबीसी, लिव्हरच्या टेस्टसकट. पार्व्हो अस्थिमज्जेतल्या लाल पेशी बनवणाऱ्या पेशींवरच बसतो, त्यामुळे काही दिवस रक्त बनणं थांबतं, तब्येत चांगली असलेल्याला ते कळतही नाही, पण ज्यांना आधीपासून सिकल सेल किंवा थॅलेसेमियासारखं काही आहे त्यांचं हिमोग्लोबिन धाडकन खाली येऊ शकतं. तुमच्या घरात असं कोणाला असेल तर मुलाचे गाल लाल झाले होते हे त्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. चेहऱ्यावर उन्हाने पुरळ, तोंडात फोड, केस झपाट्याने गळणं, लघवीला फेस असं काही असेल तर एएनए करायची, नाहीतर करू नका, पार्व्होमध्ये तीही खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग ल्युपसची (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजाराची) भीती घालून घ्याल.

तर मग आमवात नाहीच का? मी तसं म्हणणार नाही, पत्रावरून कोणीच म्हणू नये. दोन्ही हातांचे छोटे सांधे, सकाळचा तासाभराचा आखडलेपणा, हे आमवाताचंही चित्र आहे, पहिल्या तीन आठवड्यांत दोघांना समोरासमोर उभं केलं तर मलाही फक्त बघून सांगता येणार नाही. फरक वेळ दाखवते. जगभर जे निकष वापरतात, 2010 साली अमेरिकन आणि युरोपियन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ठरवलेले, त्यात सूज सहा आठवडे किंवा जास्त टिकली आहे का याला वेगळा गुण आहे, आणि तो उगीच नाही. व्हायरसच्या बऱ्याच सुजा तोपर्यंत उतरणीला लागतात. पण इथे दुसरी बाजूही आहे आणि ती लोक विसरतात, व्हायरल आहे जाईल जाईल म्हणत लोक सहा सहा महिने काढतात आणि तेव्हा खरा आमवात असेल तर बोटांच्या हाडांना खड्डे पडायला सुरुवात झालेली असते, ते परत भरत नाहीत. खऱ्या आमवातात औषध पहिल्या तीन महिन्यांत सुरू झालं तर पुढची वर्षं खूप वेगळी जातात. म्हणजे घाई करायची नाही आणि ढिलाईही करायची नाही, म्हणून आजच संधिवाततज्ज्ञांची अपॉइंटमेंट घ्या, साधारण दोन-तीन आठवड्यांनंतरची, त्यांच्याकडे तसंही लगेच नंबर लागत नाही. तोपर्यंत बरं वाटलं तर फोन करून रद्द करा, नाही वाटलं तर नेमक्या योग्य वेळी त्यांच्यासमोर बसाल, हातात तारखा, सकाळचे फोटो आणि चार टेस्टचे रिपोर्ट.

पार्व्होचं असेल तर पुढे काय होतं तेही सांगते म्हणजे मध्येच घाबरायला नको. बहुतेक जणींचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो. पण काही जणींचा रेंगाळतो, महिने महिने, आणि एकदम सरळ कमी होत नाही, चार दिवस छान जातात आणि पाचव्या दिवशी परत मनगट धरतं, विशेषतः जास्त काम झालं की. हे परत येणं म्हणजे नवीन आजार नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे पार्व्हो सांधे वाकडे करत नाही, हाडं खात नाही. चिकनगुनियाचं मात्र एवढं सरळ नाही, त्यात काही लोकांना वर्षभर किंवा जास्त त्रास राहतो आणि त्यांना तज्ज्ञांची गरज लागतेच.

स्टेरॉइडबद्दल. तुम्ही सुरू केली नाहीत हे बरं केलंत. स्टेरॉइड वाईट औषध नाहीये, सांधे फारच जॅम झाले असतील तर तज्ज्ञ थोड्या दिवसांसाठी कमी डोस देतातही, पण निदान व्हायच्या आधी घेतली की चार दिवसांत सगळं गायब, आणि मग कोणालाच कळत नाही की मूळ आजार काय होता, थांबवली की परत येतं, परत घेता, आणि अशी लोकं दोन दोन वर्षं त्या गोळीवर काढतात. शिवाय हेपॅटायटिस बी आत लपलेला असेल तर स्टेरॉइडने तो उफाळून येऊ शकतो, म्हणून पुन्हा सांगते, ती टेस्ट आधी. आणि वाचणाऱ्यांपैकी कोणी काही आठवड्यांपासून रोज घेत असेल तर हे वाचून एकदम बंद करू नका, ती हळूहळूच उतरवावी लागते, डॉक्टरांना विचारून.

मग दुखण्याचं काय करायचं. अँटिबायोटिक नको, व्हायरसवर ते काहीच करत नाही. पार्व्होला वेगळं व्हायरसमारक औषधही नाही आणि लागतही नाही. पॅरासिटामॉलने सुरुवात करा, दिवसभरात सगळं मिळून तीन ग्रॅमच्या आत राहा, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे लक्षात ठेवा, तिथे हिशोब चुकतो. त्याने भागलं नाही तर आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन, पोटात काहीतरी असताना, थोड्या दिवसांसाठी. रात्री झोपताना नॅप्रोक्सेन घेतलं तर सकाळचा आखडलेपणा बराच कमी होतो, कारण त्याचा असर लांब टिकतो. पण अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या यातलं काही असेल तर न विचारता घेऊ नका, आणि आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत, दोन एकत्र घेतली तर आराम दुप्पट होत नाही, पोट आणि किडनी मात्र बिघडतात. एक सूचना फक्त तापवाल्यांसाठी, अंगात अजून ताप आहे आणि डेंग्यू असू शकतो अशी शंका आहे तर या गोळ्या अजिबात नाहीत, फक्त पॅरासिटामॉल, कारण डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो.

सकाळी हात कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून त्यातच मूठ वळणं-उघडणं करा, मनगट गोल फिरवा, दुखेल तिथे थांबा, जोर लावून पुढे नेऊ नका. दिवसभर क्रेप बँडेज गुंडाळून बसू नका, सांधा हलला नाही तर आणखी आखडतो. वर्गात जमिनीवर मांडी घालून बसणं, मुलांना उचलून घेणं काही आठवडे टाळा, उंच खुर्ची घ्या, कोणी नावं ठेवली तर ठेवू देत. शाळेत जायला हरकत नाही, सांधे सुजेपर्यंत लागण देण्याचा काळ संपलेला असतो, मुलाचंही तसंच, गाल लाल झाले तेव्हाच त्याचा पसरवण्याचा काळ जवळजवळ संपला होता, त्यामुळे त्याला आता कोणापासून लांब ठेवायची गरज नाही.

थांबायचं नाही असे प्रसंगही लिहून ठेवा. एकच सांधा, समजा गुडघा, लाल गरम झाला, टेकवता येत नाही आणि सोबत ताप-थंडी, तर ते व्हायरल समजून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलला जायचं, सांध्यात जिवाणूंचा पू झाला असेल तर कूर्चा काही दिवसांतच खराब होते. डोळे पिवळे, लघवी गडद, तर लगेच. पांढरंफटक पडणं, चार पायऱ्या चढून धाप लागणं, तर हिमोग्लोबिन बघायचं. लहान मुलांचं थोडं वेगळं असतं, व्हायरल तापानंतर खुब्यात पाणी होऊन मूल आठवडाभर लंगडतं आणि बरंही होतं, पण ताप चालू असताना मूल पायच टेकवेना तर ते लंगडणं त्याच दिवशी दाखवायचं, उद्यावर नाही.

आता जाऊबाई, आणि तुमच्या पत्रातली मला खरी घाईची वाटलेली गोष्ट हीच. तुमच्या सुजलेल्या हातांपासून त्यांना आता काही होणार नाही. पण मुलाचे गाल लाल व्हायच्या आधीच्या आठवड्यात आणि तुमच्या कणकणीच्या दिवसांत त्या त्याच घरात होत्या, म्हणजे संपर्क होऊन गेलेला आहे आणि त्यांना एक शिंकही आली नसली तरी लागण झालेली असू शकते. गरोदरपणाच्या पहिल्या 20 आठवड्यांत पार्व्होची लागण झाली तर थोड्या बायकांमध्ये तो बाळापर्यंत जातो, बाळाचं रक्त कमी होतं, अंगात पाणी साचू शकतं, गर्भपातही होऊ शकतो. बहुतेक बाळं व्यवस्थित जन्मतात हे आधी सांगा त्यांना, पण न तपासता राहू नका. उद्याच त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करून मुलाचं, तुमचं आणि तारखांचं सगळं सांगायचं आणि पार्व्होची आयजीएम आणि आयजीजी दोन्ही करून घ्यायच्या, इथे आयजीजीला अर्थ आहे. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आली तर बहुतेक जुनी लागण, म्हणजे त्या सुरक्षित, पण संपर्काला महिना उलटून गेलाय म्हणून तारखा डॉक्टरांसमोर ठेवूनच तो रिपोर्ट वाचायचा. दोन्ही निगेटिव्ह असतील तर लागण झालेली नाही, डॉक्टर कदाचित थोड्या दिवसांनी परत एकदा बघतील. आयजीएम पॉझिटिव्ह आली तर पुढचे काही आठवडे ठराविक अंतराने सोनोग्राफी आणि डॉपलर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) करून बाळाच्या रक्तावर लक्ष ठेवतात, आणि गरज पडलीच तर बाळाला पोटातच रक्त देण्याची सोय मोठ्या केंद्रांमध्ये असते. तुमचा आयजीएमचा रिपोर्ट आला की त्याची एक कॉपी त्यांच्याही फाइलला लावा.